कॉनीच्या नावाचं ताट

प्रिय टेसा,

तुझ्या लग्नाला नऊ दिवस राहिले आणि माझी भीती काही केल्या जात नाही. फोनच करणार होते. पण मावशीचा फोन आला की तू "टेटा, तू उगाच काळजी करतेस" म्हणतेस आणि मी लगेच गप्प बसते. मला गप्प बसायला निमित्तच हवं असतं. म्हणून लिहितेय. भीती ब्रिनची आहे. ग्रेगची ही सात वर्षांची पोर येत्या लग्नात तुझीही होणार, आणि अक्रोडाचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा मिटतो. गेल्या रविवारी तू तिला माझ्याकडे सोडून ड्रेस बघायला गेलीस ना, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. "इथे अक्रोड दळता का?" असं विचारलं. मी हो म्हटल्यावर तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मी बाहेर नेईपर्यंत तशीच उभी राहिली. माझ्या ओट्यापाशी आजवर कितीतरी मुलं वाढली, सगळ्यांनी पिठात बोटं घातली. हात मागे बांधून उभी राहिलेली ही पहिलीच.

तू पत्रिकेत छापलंस की लग्नात घरोघरून येणाऱ्या कुकींच्या टेबलावर अक्रोड, शेंगदाणा, काही नको. चांगलं केलंस. पण आपल्या यंग्सटाउनच्या बायका तुला ठाऊक आहेत. जानेवारीपासून नऊ घरांचे फ्रीजर तुझ्या कुकींनी भरताहेत, आणि नवरीचं टेबल रिकामं दिसलं तर सात पिढ्यांची नाचक्की झाल्यासारखं वागतात सगळ्या. परवा हेलनला विचारलं, तुझ्यात अक्रोड नाहीत ना गं? तर म्हणते, "छे, आत एकसुद्धा नाही! नुसते वरून भुरभुरलेत, दिसायला." मी तिचे तिन्ही डबे तिच्याच गाडीत परत ठेवले. ती माझ्याशी बोलत नाहीये, न का बोलेना. पण बाकीच्या आठ घरी कोणी काय भुरभुरलंय, हे मला कसं कळणार? ग्रेगच्या कमरेच्या पिशवीत, तिचा घसा मिटायला लागला तर टोचायच्या इंजेक्शनची दोन पेनं असतात हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी तो नवरदेव आहे. फोटोवाला त्याला कुठे नेईल, ती पिशवी कुठल्या कोटाच्या खिशात राहील, आणि नेमकं त्याच वेळी पोर टेबलापाशी असेल.

म्हणून मी, तुझं लग्न होणार त्या आपल्या हॉलच्या समितीत विषय काढला, की आपल्या भिंतीवर त्या पेनांची एक पेटी हवी, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी. आपल्या ओहायोत कायदा तसा आहे. हॉल, हॉटेल, शिबिरं, कोणालाही ही पेनं ठेवता येतात. पण ठेवलीच पाहिजेत असं बंधन नाही. नीट शिकून घेतलेल्या माणसाने चांगल्या मनाने टोचलं तर त्याला कोर्टात खेचता येत नाही, एवढंही त्यात आहे. मी सगळं छापून नेलं होतं. समितीत आम्ही तिघंच, मी, वॉल्ट आणि कॉनी. वॉल्टचं तुला माहीतच आहे, सुईचं नाव काढलं की तो खुर्ची मागे सरकवतो. "चाळीस वर्षं हॉल पेटीशिवाय चालला," म्हणाला. मग राहिली कॉनी. ती कागद वाचत होती. चष्मा काढून शांतपणे म्हणाली, "मिली, कायदा मला कोर्टातून वाचवेल. या गावातल्या बायकांच्या तोंडातून कोण वाचवणार? एकदा त्या पोरीच्या घशाशी माझं नाव जोडलं गेलंय. परत नको." दोन विरुद्ध एक. पेटी नाही.

ती पोरगी म्हणजे जेनेल, तुला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी वॉल्टच्या नातवाच्या लग्नात आलेली, नवरीच्या ऑफिसातली. तेव्हा आपण पहिल्यांदाच बिनअक्रोडाचं वेगळं टेबल मांडलं होतं, गुलाबी पाटी लावून, आणि प्रत्येक ताटाशी ते करणारीचं नाव. जेनेलने पाटी वाचली, वर मलाच विचारलंही, "हे नक्की चालेल ना मला?" मी म्हटलं, बिनधास्त खा. तिने कॉनीच्या ताटातली कोलाची उचलली, जर्दाळूचं सारण भरून दुमडलेली कुकी. पहिल्यांदा नुसती खोकली. मग ओठ सुजले, मग गळ्याला हात लावून ती खालीच बसली, आणि श्वासाचा जो आवाज यायला लागला तो मी अजून ऐकते, टेसा, दिवसाढवळ्या भांडी घासताना ऐकते. तिचं पेन घरी राहिलं होतं. दीडशे माणसं हॉलमध्ये आणि करण्यासारखं कोणाकडे काही नाही. वॉल्ट तिला पाणी पाजायला धावला, त्याला कोणीतरी ओढून मागे घेतलं. अँब्युलन्स अकरा मिनिटांनी आली. शेवटची तीन मिनिटं तो आवाजसुद्धा येत नव्हता. पोरगी वाचली, पण चार दिवस नळ्या लावून होती.

ताटावर नाव कॉनीचं होतं, त्यामुळे कोणाला काही विचारायची गरजच वाटली नाही. कॉनी सांगत राहिली की माझ्या घरात महिनाभर अक्रोड आलेला नाही, कपाटं उघडून दाखवते म्हणाली. कोण बघायला जातंय! तेव्हापासून तिला एकाही लग्नात कुकी करायला सांगितलेलं नाही. तूही यादी करताना म्हणालीस, "टेटा, कॉनीला नको सांगू हं, ब्रिन आहे ना." मी म्हटलं, बरं. इतकी वर्षं माझ्याआधी हॉलमध्ये येऊन टेबलक्लॉथला इस्त्री करणारी बाई. आता रविवारच्या प्रार्थनेला शेवटच्या बाकावर बसते आणि कॉफीला न थांबता निघून जाते.

आता जे लिहायचंय ते लिहिते, नाहीतर पुन्हा हेलनच्या डब्यांवर येईन. त्या दिवशी टेबलावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. जेवणं उरकत आली तेव्हा कॉनीच्या ताटात तीनच कोलाची उरल्या होत्या, मध्ये मोठी मोकळी जागा. फोटोवाला तिकडेच येत होता. माझा डबा टेबलाखाली होता. त्यात माझ्या कोलाची, अर्ध्या जर्दाळूच्या, अर्ध्या अक्रोडाच्या. सगळ्यांवर पिठीसाखर, वरून सगळ्या एकसारख्या. मी कडेने नारिंगी रंग दिसतोय का ते बघून आठ निवडल्या आणि कॉनीच्या ताटात लावल्या. अक्रोडाचं सारण मधात कालवलं की तेही कडेला तसंच पिवळट नारिंगी दिसतं, हे गेली पन्नास वर्षं ते करणाऱ्या बाईला त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं ते जेनेल खाली बसली तेव्हा. मी काय केलं माहितीये? सगळे तिच्याभोवती असताना उरलेल्या कोलाची रुमालात गुंडाळल्या आणि पर्समध्ये टाकल्या. अँब्युलन्सवाला विचारत होता, काय खाल्लं, काय खाल्लं. मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते. मी काही बोलले नाही. मग लोक कॉनीकडे बघायला लागले आणि मी तरीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलेन म्हटलं. दोन वर्षं झाली.

मंगळवारी संध्याकाळी समिती पुन्हा बसणार आहे आणि मी कॉनीसमोर, वॉल्टसमोर हे सगळं सांगणार आहे. पेटीसाठी तिचं मत हवं म्हणून नाही. हे ऐकल्यावर तर ती माझ्या तोंडाकडे बघणारही नाही, आणि पेटी शनिवारपर्यंत लागेल की नाही, देव जाणे. पण तुला हे मंगळवारच्या आधी कळायला हवं, गावाकडून नाही, माझ्याकडून. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. ती माझी धाकटी बहीण आहे, ती मला वाचवायला बघेल. तू बघू नकोस. ग्रेगला सांग की दोन्ही पेनं त्या दिवशी जो टेबलापाशी उभा राहील त्याच्याच हातात दे, खिशात नाही. आणि तुझ्या कामाच्या यादीत टेबलासमोर माझं नाव आहे, ते खोड. मला लग्नाला बोलवायचं की नाही ते तू ठरव, मी रागावणार नाही. आलेच, तर ब्रिनने कितीही हट्ट केला तरी तिला माझ्या हातून काही घेऊ देऊ नकोस. मी देणार नाही म्हणतेय खरी, पण माझ्या शब्दावर विसंबू नकोस.

तुझीच,
मिली टेटा