मामांचा खोकला आणि पंच्याऐंशीवं आवर्तन

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? निवृत्तीनंतर तुमचा खोकला पार गेला, असं मामीने कळवलं. वाचून आनंद झाला (खरं म्हणजे धसकाच घेतला, का ते पुढे येईलच). निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी तुम्हाला ‘बँडमास्तर’ म्हटलं, तेव्हा कॉलेजच्या सभागृहात पुन्हा पाऊल न ठेवण्याची शपथ घेतलीत, तीही अजून शाबूत आहे म्हणे. म्हणून तुमच्या जागी आलेल्या नव्या कंडक्टरबाईंच्या हाताखाली आपल्या ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम कसा झाला, ते दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगतो.

सिंफनीचा तो संथ भाग तुम्हाला पाठच आहे. मी माझ्या टिंपनी-नगाऱ्यांमागे (मामीच्या भाषेत पातेल्यांमागे) चौऱ्याऐंशी आवर्तनं हाताची घडी घालून बसायचं आणि पंच्याऐंशीव्याला दणका द्यायचा. आता कबूल करतो, मामा, सव्वीस वर्षांत मी एकदाही मोजलं नाही. चौऱ्याऐंशीवं संपता संपता तुम्ही खोकायचात, की मी काठ्या उचलायचो. दिवसभर प्रयोगशाळेत पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या मोजायच्या आणि संध्याकाळी आवर्तनंही मोजायची, एवढं डोकं देवाने मला दिलेलं नाही.

नव्या बाई म्हणजे तुमचीच ती शेवटच्या रांगेतली व्हायोलिनवाली, जिला तुम्ही ‘टिटवी’ म्हणायचात. हात काय सुरेख चालतो पोरीचा! पण खोकत नाही. ठणठणीत बाई! बासरी एकटीच हळुवार वाजत होती, मी कान लावून बसलेलो, आणि प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत कोणीतरी खोकलं. दिला दणका! वाटलं, आपणच गाढव. तर पुढचे चारही तुतारीवाले त्याच खोकल्यावर उठून जीव खाऊन फुंकायला लागले. म्हणजे सगळेच तुमच्या खोकल्यावर पोसलेले! बासरीवाली दचकली, प्राचार्य जागे झाले. टिटवीने मात्र हात न थांबवता सगळ्यांना गोळा करून वाटेवर आणलं.

नंतर मी मान खाली घालून तिच्यापुढे गेलो. म्हटलं, संपलं, आता घरची पातेली घासायची. तर ती हसता हसता डोळे पुसत होती. म्हणाली, “काका, मीसुद्धा त्या खोकल्याचीच वाट बघत होते हो.” मामा, मला रडूच आलं. तालमीच्या खोलीतली तुमची मोडक्या हाताची खुर्ची तिने तशीच ठेवली आहे, कोणाला बसू देत नाही.

मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा, हाताची घडी घातलेला,
भाचा

ता. क. शनिवारी हाच कार्यक्रम पुन्हा आहे. पहिल्या रांगेत मधोमध तुमची जागा राखली आहे. शपथ पाऊल न ठेवण्याची आहे ना? मग गुडघ्याचं निमित्त करून चाकांच्या खुर्चीतून या, पाऊल टेकणारच नाही. वेळेवर एकदाच खोका, आमची अब्रू वाचवा.

पुन्हा ता. क. खोटं कशाला बोलू? कालपासून मी मोजायला शिकलोय. तीनदा वाजवलं, तीनदा बरोबर पंच्याऐंशीव्याला. खोकल्याची गरज उरलेली नाही. तरी या.