तुमचं करवंदाचं झाड जिवंत आहे

वांकिडी, माघ वद्य पंचमी, २०१७

सौ. विहीणबाई रेणुकाबाई यांना जयवंताबाईचा नमस्कार. पुण्यात धाकट्या सुनेचं बाळंतपण सुखरूप पार पडलं, ऐकून बरं वाटलं. तुमच्या गुडघ्यांना तिथला जिना सोसतो ना? तुमच्या माघारी आमची आशा चंद्रपूरचं घर नीट सांभाळते, असं जावईबापू फोनवर सांगतात. (जावई सासूला दुसरं काय सांगणार, तरी ऐकायला गोड लागतं.)

तर तुमचं करवंदाचं बोन्साय जिवंत आहे. हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचं बीपी वाढायचं.

घराच्या रगाड्यात आशाला त्याच्याकडे बघणं व्हायचं नाही, म्हणून पुण्याला जाताना ते तुम्ही माझ्या हाती दिलंत, तेव्हाच मला धडकी भरली होती. ताटाएवढी कुंडी, वीतभर झाड, आणि वय माझ्या आशाएवढं. आमच्या शेताच्या धुऱ्यावर करवंदीच्या जाळ्या माजल्यात, त्यांना कोणी विचारत नाही. आणि याची माती मी रोज बोटाने चाचपायची, कोरडी असेल तरच पाणी घालायचं, सकाळचं ऊन दाखवायचं, शेंडे खुडायचे. (तुमचे व्याही म्हणाले, "एवढी काळजी माही केली असती, तर मीबी हिरवा राह्यलो असतो.") पण लेकीच्या सासूचं झाड. ते वाळलं असतं तर आशाला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात आमच्या तेलंगण सरकारने जिल्हे फोडले. वांकिडी आदिलाबादेतून निघून आसिफाबादेत गेली. आम्ही जागचे हललो नाही, जिल्हाच बदलला. संक्रांत झाल्यावर आमच्या किराणा दुकानाच्या पाटीवरचा जिल्हा बदलायला ह्यांनी पेंटर बोलावला. मी झाड उन्हाला ओट्यावर ठेवून आत पीठ चाळत होते. बाहेर येऊन बघते, तर त्याने ब्रश धुतलेल्या टर्पेंटाइनचं डबडं कुंडीत रिकामं केलेलं. "काऊन ओतलं रे बाबा?" तर म्हणतो, "अक्का, इतकुसं झाड, मले वाटलं मरूनच राह्यलं."

आठवड्यात पानं गळाली. आशाला सांगायची हिंमत होईना. शेवटी मीच झाड उपटलं, मुळं बादलीत खळखळून धुतली, काळी पडलेली कात्रीने कापली, नवी माती आणि वाळू भरून सावलीत ठेवलं. नवसही बोलले. (कोणता ते विचारू नका, अजून फेडायचा आहे.) हे रोज विचारत, "पेशंट काय म्हणते?" पेशंट काहीच म्हणत नव्हता.

आणि काल सकाळी वाकून पाहते, तर फांदीच्या पेराशी मोहरीएवढा हिरवा ठिपका. आधी वाटलं, पेंटरचाच रंग. नखाने खरवडला, निघाला नाही. मग आणखी दोन-तीन दिसले. मी तिथेच ओट्यावर बसून रडले. गिऱ्हाईक साखर न घेता परत गेलं, जाऊ दे. रात्री किती दिवसांनी झोप लागली.

बाळाला मायेचा पापा द्या, स्वतःला जपा.

तुमची,
जयवंताबाई

ता. क. नवी मुळं धरेपर्यंत झाड हलवू नये, आणि त्याला तुमच्या हाताखाली शिकलेला जाणता हात लागतो. तुम्ही शिमग्याला चंद्रपूरला परतालच. तेव्हा आशालाच इकडे पाठवा. पाडव्यापर्यंत राहील आणि तिकडे परतताना झाड घेऊनच येईल.

आणखी एक. झाड आजसुद्धा मोटारीतून नेता येईल, असं तुमचे व्याही फोनवर म्हणाले तर लक्ष देऊ नका. झाडातलं त्यांना काही कळत नाही.