माझ्या रंगाचं फूल

२ जून
नोकरी लागली! प्रयोगशाळा इतकी लख्ख, की आत पाय ठेवताना मलाच लाज वाटली. बरणीत जेलीसारखं खाद्य, त्यावर पानाचा नखाएवढा तुकडा. त्याला कोंब फुटले की ते कापून नव्या बरण्यांत लावायचे. एका पानाची हजार रोपं! शिकवणाऱ्या ताईच्या हातातला चिमटा कधी सुटत नाही, म्हणून सगळे तिला चिमटाताई म्हणतात. मालकीणबाईंना जरबेराच्या फुलात कुणाकडेच नसलेला रंग हवाय. जिवाणू घातलेल्या पाण्यात पानं बुडवली, की ते नव्या रंगाचं जनुक आत पोचवतात. माझी तर पाचही बोटं तुपात!

९ जून
आज पातं निसटलं, बोट कापलं, जिवाणूंच्या पाण्यात रक्त पडलं. असं झालं तर सगळं ओतून द्यायचं, हा इथला नियम. पण पहिल्याच आठवड्यात बोलणी कोण खाणार? गुपचूप पानं बुडवली, बरण्या लावून टाकल्या.

२० जुलै
निवड करायचं औषध दिल्यावर जनुक न घेतलेले कोंब पांढरे पडून मेले. माझी एकच बरणी जगली. कोंब हिरवे नाहीत, गव्हाळ आहेत, अगदी माझ्या हातासारखे. बाई हरखल्या.

२१ जुलै
चिमटाताईने त्यातला कोंब कापला. मी पलीकडच्या खोलीत जेवत होते. दंडात अशी कळ गेली की घास खाली पडला. दंडावर लाल रेघ! घाबरून बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझी बाही वर सारली आणि चिमटाताईला म्हणाल्या, अजून एक काप गं. ती कापत असताना त्या माझ्या दंडाकडे बघत होत्या.

१४ ऑगस्ट
बरण्या वाढतायत. आता पाठीवरही रेघा उमटतात. नोकरी सोडते म्हटलं, तर बाई हसल्या. म्हणाल्या, खुशाल जा, बरण्या इथेच आहेत.
मग एक बरणी चोरून, जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात टाकली, मरू दे म्हणून. पण आतून मीच शिजायला लागले — रांगत जाऊन यंत्र बंद केलं.

८ जानेवारी
फूल उमललं. सुंदर आहे मेलं. बाईंनी माझ्या गालाला लावून पाहिलं. रंग जुळला. मोठी ऑर्डर आली.

९ जानेवारी
सगळ्या टेबलांपाशी कोंब कापायला माणसं बसलीयत. चिमटाताई रडतेय, पण बसलीय. जंतू मरायला पातं आधी ज्योतीत लाल करतात — निदान गार होऊ द्या, एवढंच मागितलं मी. बाई म्हणाल्या, वेळ नाही.
झाकणं उघडतायत — आई गं, सगळे एकद