शून्य दाखवणारं यंत्र

३ मार्च, सकाळी ८
आजपासून रोज लिहायचं. यंत्र शेवटच्या टप्प्यात. बोटातला रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला की दोन मिनिटांत लिथियम किती ते कळणार. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांच्या लॅबच्या खेपा वाचतील. मीही घेतोच, दोन वर्षांपूर्वी दीड महिना वॉर्डात काढल्यापासून. म्हणून नमुना क्रमांक सात माझाच, ऑफिसात कुणाला न सांगता. बायकोला शब्द दिलाय, गोळी चुकवणार नाही.

६ मार्च
गोळी राहिली. कालचीही. परवाचं आठवत नाही. तशी गोळीनं हाताला थरथर सुटते, नाजूक काम बिघडतं. यंत्राचा अहवाल होईपर्यंत बंदच ठेवू. मग एकदम नियमित.

९ मार्च
सात नंबर ०.२. निदान ०.६ हवं. पट्टीवरचा थर नीट बसलेला नाही. बाकी सहा नमुने बरोबर येतात, तो योगायोग.

१३ मार्च, पहाटे ५
शून्य! इलेक्ट्रोड नवा, द्रावण नवं, तरी शून्य. पण डोकं काय भन्नाट चालतंय! याच पट्टीवर चौदा औषधं मोजता येतील. झोप तीन तास, भरपूर झाली.
बायकोनं आकडा पाहिला. गोळ्या घेतोस ना, म्हणाली. घेतो म्हटलं, यंत्रच बिघडलंय. तिला पटलं. उद्यापासून घेणारच आहे, म्हणजे खोटं नाही झालं.

१७ मार्च
हॉल रिकामा केला. सोफा जिन्यात. चौदा औषधांना जागा नको? बायको रडली. उगाच.
सरांना सुनावलं, इलेक्ट्रोडवाल्यानं फसवलंय. ते म्हणाले, सगळे नमुने मोठ्या लॅबमध्ये ताडून घेऊ. म्हटलं, खुशाल घ्या!

२० मार्च
लॅबचा अहवाल आला. नमुना सात: शून्य. यंत्र अचूक. सरांनी पाठ थोपटली. टाळ्या. मीही वाजवल्या.
मग नमुने घेणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, औषध शून्य आलं तर घरी कळवायचा नियम आहे. सात नंबरच्या फॉर्मवर मी नाव घातलेलं नाही, फोन नंबर बायकोचा. त्यांना अडवायला पुढे झालो, तोवर फोन लागलाही. फोन स्पीकरवर. बाईंनी सांगितलं, तुमच्या पेशंटनं निदान आठवडाभर गोळी घेतलेली नाही.
बायको ठामपणे म्हणाली, शक्य नाही, चूक यंत्राची आहे. ज्यानं बनवलं तो माझाच नवरा, तोच सांगतो.
सगळे माझ्याकडे वळले. बाईंनी फोन पुढे केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडे ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.
म्हणालो, यंत्र बरोबर आहे.