थप्पीमागचा आवाज

प्रिय बारक्या,

दादाचं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील, मग उघडायचं की तसंच फेकायचं याचा विचार करशील, हे मी ओळखून आहे. फोन तू उचलत नाहीस. शिडीवरून आपण भांडलो त्याला अकरा वर्षं झाली. शिडी माझ्याकडेच होती. परवा माळ्यावर सापडली. दोन पायऱ्या निखळल्यात, पण तुझीच आहे, आणि तू खरं बोलत होतास.

आपण कामाला होतो ती लाकडाची वखार गेली. तिथं आता तयार कपाटांचं दुकान आहे. ठोकून पाहिलं तर आतून भुसा आणि डिंक. तुझी पुतणी दर रविवारी येते, मला रागावते, आठवड्याची भाजी चिरून डब्यात भरून जाते. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते कुणाचं ऐकतात?

तुझी वहिनी मात्र हळूहळू विसरत चाललीय. आधी चाव्या, मग शेजारणीचं नाव, मग स्वयंपाकघर कुठल्या बाजूला ते. गेल्या वर्षी आरशातल्या बाईला तिनं बसायला खुर्ची दिली. माझा चेहराही गेला, आवाज तेवढा राहिला. केस विंचरू देत नाही, घास तोंडात घेत नाही. पण मी ते गाणं धरलं की अंग सैल सोडते आणि मुकाट्यानं जेवते.

पाणी जाईल पुढं, काठ जागी राहील,
तू उशिरा ये गं, कुणी वाट पाहील.

मध्येच थांबवून ती काहीबाही विचारते. मी उत्तर द्यायचं आणि सोडलं तिथून पुढं म्हणायचं. मुलीनं गाणं मोबाइलमध्ये भरून ठेवलं होतं. ही त्या मोबाइलशी बोलत बसली, आणि तो उत्तर देईना म्हणून रडली. पुन्हा तो प्रयोग केला नाही.

दोन महिन्यांपूर्वी माझा घसा बसला. डॉक्टरनं चार दिवस एक शब्द बोलू नका म्हणून बजावलं. पहिल्याच सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर तिनं पदर सावरला आणि मला बाहेरच्या खोलीत बसवलं. म्हणाली, "बसा, हे येतीलच एवढ्यात." चार दिवस मी माझ्याच घरात पाहुणा होतो. ती खिडकीशी उभी राहून माझी वाट पाहत होती, आणि मी तिच्या मागं उभा होतो. पोटात दुधाशिवाय काही गेलं नाही तिच्या. माझ्या जिवाचं काय झालं ते लिहीत नाही.

आता जे लिहितोय ते तुला ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. ती वखारीत ओंडक्यांवर खडूनं नंबर टाकायची. तू फळ्यांच्या थप्पीमागं बसून जुन्या लाकडातले खिळे उपटायचास आणि जेवणाच्या सुट्टीत करवत थांबली की गुणगुणायचास. समोर यायची तुझी छाती नव्हती. आपले आवाज तर आईलासुद्धा वेगळे ओळखू यायचे नाहीत. त्या दिवशी मी खांद्यावर फळी घेऊन थप्पीमागून बाहेर पडलो आणि तिनं विचारलं, "ते गाणं तुम्ही म्हणत होता?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. संध्याकाळी मी तुझ्याकडं येऊन पुढची कडवी मागितली, आणि तू ती मला शिकवलीस. कुठं आवाज खाली घ्यायचा, तेसुद्धा सांगितलंस. लग्नात माझ्या शेजारी उभा राहून हसलास. आई स्थळं आणून थकली, तू काही बधला नाहीस. मी सगळं समजत होतो आणि वेड पांघरून पेडगावला जात होतो. तिला सांगायचं रोज ठरवायचो. मग मुलगी झाली, मग घर बांधलं, मग वाटलं आता कशाला. आता सांगून तिच्या ध्यानात राहणार नाही. एकेचाळीस वर्षं तुझे शब्द मी माझे म्हणून गायलो रे. खरे करायचा प्रयत्न केला, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. मला माफ कर, असं म्हणायचा धीर होत नाही.

माझ्या घशात गाठ आहे. येत्या गुरुवारी स्वरयंत्र काढणार आहेत. यंत्र लावून बोलता येईल म्हणतात, पण त्या आवाजात बोललो तर ती मला दारातून हाकलून देईल. म्हणून हे पत्र. तू ये. तुझी खोली झाडून ठेवलीय. रोज दोन्ही जेवणांच्या वेळी तिच्या खुर्चीमागं बसून गा, ती विचारेल त्याला उत्तर दे. मी तिचा हात धरून समोर बसेन आणि ओठ हलवीन. तिला वाटेल मीच आहे, आणि ती जेवेल. आणि एखाद्या दिवशी तिनं मागं वळून तुझ्याकडं पाहिलं, तर तू उठू नकोस. मी उठेन.

तुझाच,
दादा