सहीच्या मागची बाजू

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं, वहिनीच्या गुडघ्याचं कळलं. जिने चढू नकोस असं तिला सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे, तरी माझ्या नावाने सांग. माझी तब्येत ठणठणीत. रक्तदाब आहे, पण तो आता घरचाच झाला.

संग्रह अखेर हलला. चारशे बारा नॉटपेड पाकिटं, सह्यांच्या तीन वह्या आणि जुन्या दस्तऐवजांची ती पत्र्याची पेटी, सगळं संग्रहालयाच्या दोन माणसांनी येऊन नेलं. घर रिकामं वाटतं म्हणावं तर तसंही नाही, कपाटाच्या जागी लगेच इस्त्रीचे कपडे साठले. त्या दोघांतला एकजण विचारत होता, "बाई, लोक चांगली तिकिटं जमवतात. तुम्ही ही कमी तिकिटांची, दंड बसलेली पाकिटंच का जमवलीत?" मी म्हटलं, पुरेसं तिकीट लावलेलं पत्र कोणीही घेतं, नॉटपेड आलं की माणसाला दारात उभ्या उभ्या ठरवावं लागतं, हे आपल्याला हवं आहे की नाही. तो "हो, हो" म्हणाला आणि खोका उचलून चालू लागला.

पाच एप्रिलला ते सगळं लोकांना बघायला खुलं होणार. तुम्हा दोघांना आमंत्रण येईलच. त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. खरं सांगायचं तर तीन आठवडे मी हे पत्र लिहितेच आहे. दोनदा फोनही केला. दुसऱ्यांदा तू उचललास, मी उकाड्याबद्दल बोलले आणि ठेवून दिला. तुलाही नवल वाटलं असेल, उकाड्यासाठी ही कशाला फोन करते म्हणून.

तुझा आरसा आठवतो? वेड्यासारखं विचारते आहे. तू वीस वर्षांचा, मी तेरा. पिंपावर एक काच ठेवून, ओली वाळू घालून, तू दुसरी काच तिच्यावर घासत पिंपाभोवती फेऱ्या मारायचास. तासन्‌तास खर्र खर्र. बाबा म्हणायचे, "हा काच घासतोय की माझं डोकं?" दुर्बीण स्वतः बनवायची, तीही आतल्या आरशापासून, हे खूळ तुला ज्या भिंगवाल्यांचे लेख वाचून लागलं, त्यांनाच तू आरशाची मापं आणि आकृत्या पाठवल्यास. भिंगवाल्यांचं तेव्हा केवढं नाव! वेधशाळांच्या दुर्बिणी त्यांच्या हातच्या. एका वेळी एकच शिष्य ठेवतात, हे तूच मला डोळे मोठे करून सांगितलं होतंस. दोन महिने तू पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलास, आणि पत्र आलं त्या दुपारी नेमका घरात नव्हतास.

पत्र नॉटपेड होतं. आत तुझ्या आकृत्या परत आल्या होत्या, त्यामुळे वजन जास्त आणि तिकीट कमी. पोस्टमन म्हणाला, "घरात मोठं कोणी आहे का? दुप्पट भरावे लागतील, नाहीतर परत नेतो." मोठं कोणीच नव्हतं. मी माझा खाऊच्या पैशांचा डबा रिकामा केला आणि पत्र सोडवून घेतलं. झालं, आता या पत्रावर आपलाही हक्क, असं मी ठरवून टाकलं. पाकीट ठेवलं; माझं पहिलं नॉटपेड तेच. पण मला सहीही हवी होती. तेव्हा आम्ही सह्या जमवणारे सगळेच असं करायचो. सहीपुरती पट्टी कापायची, वहीत डिंकाने घट्ट चिकटवायची. उरलेलं पत्र ज्याचं त्याला. आज कोणी असं करताना दिसलं तर मी त्याच्या हातातली कात्री हिसकावून घेईन.

पत्र मी वाचलं. पानभर तुझ्या आरशाचे दोष होते. कडा घसरली आहे, घासण्यात घाई झाली आहे, मधला भाग पुन्हा करावा लागेल. खाली त्यांची लांबलचक सही. मी तळाची पट्टी कापली. पान उलटून पाहिलं नाही.

संध्याकाळी तू ते वाचलंस. कापलेला तळ बघून "मुंगे, लागली का साखर?" एवढंच म्हणालास, तेही हसून. आठवड्याभरात आरसा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेला आणि पावसाळ्याच्या आत तू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायला लागलास. भिंगवाल्यांनी नकार दिला, असं आम्ही सगळे धरून चाललो. तूही तसंच सांगायचास.

आता मुद्द्यावर येते. डिंक कागद खातो, म्हणून संग्रहालयातल्या कागददुरुस्तीवाल्या बाई वह्यांमधल्या सह्या सोडवून घेत आहेत. ओलसर टिपकागद ठेवायचा, तासभर थांबायचं आणि पातळ पातं सरकवायचं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा फोन आला, "जरा येऊन जाता का? या सहीच्या मागे मजकूर आहे."

पेन्सिलीने लिहिलेलं आहे, म्हणून टिकलं. जसंच्या तसं उतरवते:

"दोष एवढ्यासाठी लिहिले की ते तुम्हाला सुधारता येतील असं मला दिसतं. सगळ्यांना मी इतकं लिहीत नाही. माझ्याकडे एक जागा आहे. महिनाअखेरपर्यंत या. येताना आरसा आणा."

दादा, तो नकार नव्हता. त्यांनी तुला बोलावलं होतं, आणि ते बोलावणं मी सत्तेचाळीस वर्षं वहीत चिकटवून ठेवलं. पाहुण्यांना ती सही कौतुकाने दाखवली. तुलाही दाखवली, आठवतं? तू मान वळवून खिडकीबाहेर बघत होतास. मला फार फार वाईट वाटतं आहे. माफ कर असं लिहिते, पण तुझी कचेरीतली सदतीस वर्षं त्याने परत येणार नाहीत हे मलाही कळतं.

संग्रहालयाला ती पट्टी दोन्ही बाजूंनी दिसेल अशी काचेत लावायची आहे. तू नको म्हणालास तर ती लागणार नाही. माझ्याशी भांडायचं असेल तर भांड, मनात येईल ते बोल. फक्त गप्प बसू नकोस. तू गप्प बसलास की माझा जीव टांगणीला लागतो.

तुझी अपराधी
मुंगी


१३ मार्च

मुंगे,

वहिनीचा गुडघा तसाच. तुझा निरोप दिला. "तिला म्हणावं आधी स्वतःचा रक्तदाब बघ," असं उत्तर आहे.

तुझं पत्र वाचलं आणि राग आला. खोटं कशाला बोलू, चांगला दोन दिवस आला. तेरा वर्षांच्या पोरीवर सदुसष्टाव्या वर्षी धुसफुसणारा म्हातारा कसा दिसतो ते वहिनीला विचार. तिने माझं ताट वाढलं आणि समोर ठेवून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी भिंगवाल्यांचं पत्र काढलं. आहे माझ्याकडे, जपून ठेवलेलं. आणि आता मलाही तुला काही सांगायचं आहे. त्या पत्राच्या मागच्या बाजूला, तू कापलंस त्या रेषेला अगदी लागून, पेन्सिलीच्या वेलांट्यांची आणि मात्रांची वरची टोकं राहिली आहेत. सहा-सात असतील. ती काही मला आत्ताच दिसली असं नाही. त्याच संध्याकाळी दिसली होती. दिव्याखाली धरून मी ती नीट पाहिली होती.

मागे काहीतरी लिहिलेलं आहे, हे मला माहीत होतं, मुंगे.

तुझी वही फडताळात होती, माझ्या पलंगापासून चार पावलांवर. "वही आण" म्हणालो असतो तर तू रडत रडत का होईना आणली असतीस. नाहीतर भिंगवाल्यांना एक कार्ड टाकता आलं असतं, की मजकूर फाटला, पुन्हा कळवा. मी दोन्ही केलं नाही. ते दोष वाचून माझा धीर सुटला होता. मागे आणखी दोष असतील असं वाटलं. "हा नाद सोडा" असं असेल असंही वाटलं. आणि "या" असं असेल, ही भीती तर सगळ्यात मोठी होती. गेलो आणि जमलं नाही तर? त्यापेक्षा कापलेलं पत्र बरं पडलं. नकार दिला म्हणून सांगितलं आणि सुटलो. तू सही दाखवलीस तेव्हा खिडकीबाहेर काही नव्हतं. तुझ्याकडे बघवत नव्हतं, एवढंच.

पुढे मग सवयच लागली. साहेबांना बढतीचं कधी विचारलं नाही. लग्नाचंसुद्धा वहिनीनेच मला विचारलं. तेव्हा सगळं पाप आपल्या एकटीच्या माथी घेऊ नकोस. कात्री तू चालवलीस हे खरंच, त्याबद्दल तुझा कान धरेन. पण पुढची सत्तेचाळीस वर्षं माझी आहेत.

पट्टी काचेत लावू दे, दोन्ही बाजू दिसू दे. पण आधी मला ती हातात घेऊन बघायची आहे. त्या बाईंकडून दोन-चार दिवसांसाठी मागून घे. टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. काल शेजाऱ्याला शिडीवर चढवून आरसा खाली काढला. चकाकी पार काळवंडली आहे, पण काच शाबूत आहे. घसरलेली कडा पुन्हा घासून काढता येते. ते मला विसाव्या वर्षीही येत होतं. पिंपही मिळालं आहे. एक जण घासायला लागतो आणि एक जण पाणी घालायला, आणि वहिनी म्हणते तिला जमणार नाही.

मी विचारतो आहे, मुंगे. येतेस का?

उत्तराची वाट पाहणारा
दादा