सहा आठवडे कॉफी बंद

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. वन्संना,
नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. इकडे आहे तसंच आहे.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी तुम्ही मला तुमच्या भावाची कॉफी करायला शिकवलीत. ओट्याशी आपण दोघीच. "दोन चमचे घालायची आणि एकच घातली म्हणून सांगायचं," असं तुम्ही म्हणालात, आणि दूध उतू जाईपर्यंत आपण हसत बसलो.

आधी विचारूनच टाकते. यांची कॉफी बंद असताना तुम्ही आलात, त्या मंगळवारी तुमच्या पिशवीत थर्मास कशाला होता? तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी त्याचं झाकण हुंगलं. कॉफीच. "मला वाटेत लागते," म्हणालात. दोन बसथांब्यांची ती वाट! आणि तुम्ही गेल्यावर यांच्या मिशीलाही तोच वास. मी काय समजायचं?

डॉक्टरांनी तर बजावलं होतं. यांच्या मेंदूत पाणी साठतंय, म्हणून पाऊल अडखळतं, नावं निसटतात. उंदरांना बरेच दिवस कॅफीन दिलं तेव्हा हे पाणी जास्त तयार होऊ लागलं. माणसांचं अजून नक्की ठाऊक नाही. "हे दिवसाला सहा कप घेतात. सहा आठवडे पूर्ण बंद करून पाहू. पाणी उतरलं तर ठीक, नाहीतर डोक्यात नळी घालावी लागेल."

सहा आठवड्यांनी पाहिलं तर पाणी तेवढंच. "घरात कोणी देतंय का?" त्यांनी विचारलं. मी तुमच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, थर्मासचंही बोलले, मुलादेखत. तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात.

वन्सं, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, अर्धी कबुली म्हणजे नीट घडी घातलेलं खोटं. सकाळी उठले की हे माझ्याकडे परक्या बाईसारखं पाहतात. "आपण कोणाकडे आलात?" पहिल्याच आठवड्यात मला राहवलं नाही. अर्धा कप दिला. जरा वेळाने आतून हाक आली, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" त्या 'अगं'साठी मग रोज देत गेले. तुमच्या थर्मासचा संशय माझ्या मनातून अजून जात नाही, पण माझ्या कपाला संशयाची गरजच नाही.

सोमवारी नळी घालायचं ठरलंय, कॉफी खरोखर बंद होती असं धरून. डॉक्टरांना सांगायला तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला.

म्हणून हे शेजारच्या मास्तरीणबाईंबरोबर पाठवते आहे. सोबतच्या पाकिटात माझ्या कपाचं सगळं लिहिलंय, ते उद्याच डॉक्टरांना द्या, तुमच्या हातानं. त्यांच्यासमोरच मी तुम्हाला चोर ठरवलं. तुमचंही काही सांगायचं असेल तर त्यातल्या कागदावर खाली लिहा. हे पत्र मुलाला वाचायला द्या, माझ्यासमोर नको. कॉफीचा डबा मास्तरीणबाईंकडे आहे, तो त्यांनाच राहू द्या.

अजून म्हणवत असेल तर,
तुमची भावजय